कृपेतलं पालथं अक्षर

१

सिस्टर आडेलहाइडला आम्ही द्राक्षांच्या तोडणीत पुरलं, आणि ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागले तेव्हा तिनं लिहिलेलं नवं पान गावात आलं.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी कुन्ने, मठाच्या फाटकावर बसणारी. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, कुणाच्या डोक्यात काय शिजतंय, हे ओपेनहाइममध्ये आधी देवाला कळतं आणि मग मला. त्या सकाळी ऱ्हाइनवरून धुकं असं चढलं होतं की फाटकासमोरचा रस्ता कुणी पुसून टाकल्यासारखा वाटत होता. त्या धुक्यातून धापा टाकत लांबर्ट आला. लांबर्ट म्हणजे गावचा लेखनिक. लोकांची पत्रं आणि प्रार्थनेची पानं लिहून तो पोट भरायचा.

"कुन्ने, उघड! उघड म्हणतो ना!"

"उघडते हो. फाटक आहे, पापणी नाही."

त्यानं एक कागद माझ्या नाकासमोर नाचवला. "हे बघ!"

"मला दाखवून काय उपयोग? मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग."

"मग ज्यांना मुंग्या वाचता येतात त्यांना बोलाव. पळ!"

पळायचं माझं वय नव्हतं, म्हणून मी ओरडले. ग्रंथघर सांभाळणारी सिस्टर ओडिलिया आली. तिची नजर अधू, नाकावर चष्मा, पण डोकं असं की मदरसुद्धा तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. तिच्यामागून लिओबा आली. लिओबा मठातली सगळ्यात लहान बहीण. आडेलहाइडच्या हाताखाली लिहायला शिकलेली, आणि आडेलहाइड गेल्यापासून सावलीसारखी हिंडणारी.

ओडिलियानं पान डोळ्यांजवळ धरलं. "आडेलहाइडचंच आहे. हा बघ तिचा न."

तो न आम्हा सगळ्यांना माहीत होता, अगदी मलासुद्धा. लहानपणी थंडीनं आडेलहाइडचं एक बोट वाकडं झालं होतं, त्यामुळे तिच्या नचा, म्हणजे आमच्या लिपीतल्या दोन पायांवरच्या कमानीचा, दुसरा पाय आत वळायचा. "तुझा न लाजतो गं," म्हणून आम्ही तिला चिडवायचो.

"कुठे मिळालं?" ओडिलियानं विचारलं.

"विहिरीच्या कठड्यावर, दगडाखाली ठेवलेलं."

"जुनं असेल. अशी ढीगभर लिहिली होती तिनं."

तेवढ्यात लिओबानं पानावर अलगद बोट टेकवलं आणि उचललं. बोटाचं टोक काळं झालं होतं.

"शाई ओली आहे," ती म्हणाली. आणि बाई, ती चक्क हसत होती.

२

मग पानं येतच राहिली. गिरणीच्या उंबऱ्यावर एक, महारोग्यांच्या घरापाशी एक, सेंट काथरीनच्या चर्चच्या लाल पायऱ्यांवर तर गठ्ठाच. सगळ्यांवर मरियेची तीच छोटी प्रार्थना, आणि तळाशी आडेलहाइडची नेहमीची ओळ: जिनं हे लिहिलं तिच्या आत्म्यासाठी एकदा म्हणा.

ती ओळ लिहायची रीतच आहे. लिहून लिहून पाठ मोडते, तेव्हा लिहिणारी वाचणाऱ्याकडे एवढंच मागून घेते. पण गावाला रीत कुठली आठवायला! मेलेली बाई शुद्धिस्थानातून, म्हणजे स्वर्गाआधी आत्मे पापं फेडतात तिथून, प्रार्थना मागतेय म्हटल्यावर सगळं गाव गुडघ्यावर आलं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून वाचून घ्यायचे. धुक्यात विहिरीभोवती नुसती कुजबुज चालायची, माणसं दिसायची नाहीत. मला ते फार गोड वाटायचं. खोटं कशाला सांगू, मीही त्या कुजबुजीत उभी राहायचे.

मग वोर्म्सहून फादर एबरविन ह्या पानांची चौकशी करायला आले.

माणूस वाईट नव्हता. दाढ दुखायची त्यांची, मी लवंग द्यायचे. पण ज्याला सगळीकडे सैतानाचं शेपूट दिसतं त्याच्यापुढे लवंग काय करणार? त्यांनी सगळी पानं जेवणघरातल्या टेबलावर मांडली आणि मदरना बोलावलं.

"वाचा," ते म्हणाले. "इथे, कृपेपाशी."

मदर वाचू लागल्या आणि अडखळल्या. मरियेला आम्ही कृपेनं भरलेली म्हणतो, आणि आमच्या बोलीत कृपेला म्हणतात ग्नाडे. पानावर ग्नाडे नव्हतं. गुआडे होतं. नच्या जागी उ. ह्याला काही अर्थच नाही.

"चुकली असेल लिहिणारी," मदर म्हणाल्या.

"एखाद्या पानावर चुकेल. प्रत्येक पानावर, त्याच जागी, तोच शब्द? प्रार्थनेत एवढे शब्द आहेत मदर, मोडलाय फक्त कृपेचा. हा शब्द ज्याच्या जिभेला पेलत नाही असा एकच आहे, आणि त्याचं नाव मी ह्या घरात घेणार नाही."



"मेलेली बाई लिहीत नसते," फादर पुढे म्हणाले. "लिहितो जिवंत हात. आडेलहाइडसारखं हुबेहूब अक्षर इथे कुणाचं आहे?"

सगळ्यांच्या माना लिओबाकडे वळल्या. माझीसुद्धा. मान मेली ऐकत नाही.

"ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी हिला वोर्म्सला नेतो. चौकशी तिकडे होईल."

मागे शेजारच्या गावातून एका बाईला असंच चौकशीला नेलं होतं. तिची चप्पलसुद्धा परत आली नाही.

फादर गेल्यावर मदरनी ओडिलियाचा हात घट्ट धरला. "तुझ्याकडे रविवारपर्यंत वेळ आहे. पोरगी वाचव."

"आणि लिहिलं तिनंच असेल तर?" ओडिलियानं विचारलं.

३

लिओबाला आजारी बहिणींच्या खोलीत कोंडलं होतं. ओडिलियाला जिना नीट दिसत नाही म्हणून तिचा हात धरून मी गेले. आता हात धरायला गेलेल्या बाईनं कान बंद ठेवावेत असं कुठे लिहिलंय?

"तू लिहिलंस?" ओडिलियानं सरळच विचारलं.

"नाही."

"मग ठणकावून सांग ना फादरना!" मी मध्येच बोलले.

"सांगितलं. मग ते विचारतात, कुणी लिहिलं? मी म्हणते, ताईनं." लिओबा खिडकीबाहेरच्या नदीकडे बघत होती. "मी सारखी तिला हाक मारत होते, सिस्टर. ती आली. आता स्वतःला वाचवायला मी म्हणू, की ती आलीच नव्हती?"

"अगं वेडे, ते जाळतील तुला!"

"माहीत आहे, कुन्नेमावशी." आणि ती रडायला लागली. मरणाची भीती तिला पुरेपूर होती. पण ताई परत आली होती, हे सोडून द्यायची भीती त्याहून मोठी होती. 

लांबर्टला आम्ही फाटकावरच गाठलं. पठ्ठ्या त्या पानाच्या नकला करून विकत होता. चमत्कार कुणाचाही असो, धंदा ह्याचा.

"लोकांनी नकला घ्याव्यात म्हणून मूळ पानंही तुम्हीच ठेवली असतील," ओडिलिया म्हणाली.

लांबर्टचे कानसुद्धा लाल झाले. "मी? आणि गुआडे लिहीन? अहो, थडग्यांवर कोरलेल्या चुकासुद्धा मी खडूनं दुरुस्त करत फिरतो! ही बघा माझी नक्कल. काय लिहिलंय? ग्नाडे! चमत्कार असला म्हणून काय शुद्धलेखन सोडायचं?"

ते मात्र खरं होतं. त्याच्या बायकोनं एकदा चिडून भिंतीवर त्याला कोळशानं शिवी लिहिली, तर ह्यानं आधी त्यातलं तिचं चुकलेलं अक्षर सुधारलं होतं.

तिसरा आला तो आपणहून. योस्ट सोनार, आडेलहाइडचा सख्खा भाऊ. कित्येक वर्षं तो माइन्झमध्ये कुणाकडे तरी कामाला होता. लढाईत माइन्झ जळालं, तेव्हा हातगाडीवर सामान टाकून घरी परतला, तर बहीण आठवड्यापूर्वीच पुरलेली. तेव्हापासून नदीकाठच्या शेडमध्ये एकटा राहायचा, कमी बोलायचा. मला मात्र तो येताना तळलेले पाव आणायचा. उपासात लोणी चालत नाही, म्हणून जवसाच्या तेलात तळलेले.

"घे कुन्ने, गरम आहेत."

"तेल बरंच उकळतोस वाटतं हल्ली. तुझ्या कपड्यांनासुद्धा वास येतो. आणि ही नखं बघ! सोनाराची आहेत की कोळसेवाल्याची?"

त्यानं हात मागे घेतले. "लिओबाला खरंच नेणार?"

"नेणार. तुझ्या बहिणीचं अक्षर चोरलं म्हणून."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. ओडिलिया पुढे झाली. "योस्ट, ह्या पानावरचं अक्षर तुला बहिणीचंच वाटतं?"

"मला वाचता येत नाही, सिस्टर. अंगठीवर नाव कोरतो ते समोर ठेवून, चित्र कोरावं तसं." एवढं बोलून तो निघालाच. मी मागून हाक मारली, "अरे, तुला उशीसाठी लोकर हवी होती ना अजून?" पण तो धुक्यात शिरला होता.

तेवढ्यात हेनेस द्राक्षवाला पिंप ढकलत आला आणि नेहमीसारखा कुरकुरला. "निघाला? माझा चरक कधी परत देणार विचार त्याला. तोडणी संपली तसा द्राक्षं पिळायचा लहान चरक घेऊन गेलाय. म्हणे पत्रा दाबायचाय!"

 ओडिलियानं तळलेला पाव उचलला, हुंगला, आणि मग पानही हुंगलं.

४

दुसऱ्या दिवशी धुकं फाटलं आणि ग्रंथघराच्या खिडकीत ऊन आलं. ओडिलियानं मला बोलावलं. "कुन्ने, तुझे डोळे चांगले आहेत. ही दोन पानं एकावर एक ठेव आणि काचेला धर."

मी धरली. "बरं. पुढे?"

"काय दिसतं?"

"एकच पान दिसतं."

"नीट बघ."

"अहो, नीटच बघतेय. खालचं पान वरच्यामागे लपलंय. प्रत्येक मुंगी दुसऱ्या मुंगीच्या पाठीवर बसलीय."

ओडिलिया हळूच खाली बसली. "मी चाळीस वर्षं लिहितेय. माझा एक र दुसऱ्या रसारखा कधी आला नाही. हात थकतो, शिंक येते, पीस झिजतं. आडेलहाइड कितीही मोठी लिहिणारी असली तरी तिच्या हातून हे व्हायचं नाही. लिओबाच्या हातून नाही, कुणाच्याच हातून नाही."

मी पान काचेवरून झटकन काढलं. "म्हणजे फादर म्हणतात तेच? हात माणसाचा नाहीच?"

"आता पाठीमागून बोट फिरव."

मी पान पालथं केलं. मागच्या बाजूला अक्षरांचे बारीक उंचवटे बोटाला लागत होते, ओल्या मातीत मागून कुणी काही दाबावं तसे.

"पीस असं दाबत नाही," ती म्हणाली. मग तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्या दुर्दैवी शब्दावर नाक टेकवलं. बराच वेळ ती तशीच होती. मला वाटलं झोपली. ऊन सरकत तिच्या हातावर आलं आणि खाली नदीवर नावाड्यांच्या हाका ऐकू येत राहिल्या. सगळं कसं पाण्याखालून ऐकू यावं तसं लांब वाटत होतं.

"कुन्ने, न कसा असतो?"

"दोन पायांवर उभा. वर कमान."

"आणि उ?"

"लिओबा सांगायची, तोच, पाय वर केलेला."

"आडेलहाइडच्या नचा कुठला पाय वळतो?"

"दुसरा. आत. लाजतो तो."

"मग ह्या उला बघ. वरच्या अंगाला काय दिसतं?"

मी पाहिलं. गुआडेतल्या उच्या वरच्या टोकाला, जिथे काही वळायचं कारणच नव्हतं, तिथे एक छोटासा पाय आत वळला होता. लाजत होता.

"हा उ नाहीच," ओडिलिया म्हणाली. "हा न आहे. डोक्यावर उभा राहिलेला न. लिहिणारी अक्षर गाळेल, दोनदा लिहील, न म्हणून उ काढेल. पण लिहिलेला न कुणाला उचलून पालथा करता येत नाही. पालथी पडते ती वस्तू. भांडं पालथं पडतं, चप्पल पालथी पडते."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी आडेलहाइडची अक्षरं हातात घेऊन फिरतंय."

५

नदीकाठी जाताना ती वाटभर बोलत होती, जास्त करून स्वतःशीच.

"ज्याला वाचता येतं तो कृपेचा शब्द मोडलेला पाहून एका क्षणात थांबेल. लांबर्टला झोप लागणार नाही. लिओबा तर मरेल पण तो शब्द मोडू देणार नाही. म्हणजे करणारा न वाचणारा आहे. पण आडेलहाइडच्या अक्षराची वळणं त्याला अशी ठाऊक आहेत की नचा वाकडा पायसुद्धा सुटलेला नाही. वाचता न येता अक्षर कोरणारा गावात कोण आहे, कुन्ने?"

मला कुठे सांगायला लागत होतं! जवसाचं तेल, काळी नखं, हेनेसचा चरक. आणि उशीच्या नावाखाली माझ्याच हातानं दिलेली लोकर. मी कपाळावर हात मारला.

शेडचं दार उघडंच होतं. योस्ट बाकावर बसला होता, जणू आमचीच वाट बघत होता. कोपऱ्यात चरक उभा होता. खुंटीवर मेंढीच्या कातड्याचे दोन गोळे टांगलेले, आत माझी लोकर भरलेली, वरून काळेकुट्ट. आणि बाकावर एका खणाखणाच्या पेटीत शिशाचे इवले इवले तुकडे होते. ओडिलियानं एक उचलला, उजेडात धरला. त्याच्या टोकावर उलटं अक्षर होतं.

"ह्याला शाई लावायची आणि ओल्या कागदावर दाबायचं," ती म्हणाली. "बरोबर?"

योस्टनं मान खाली घातली. ओठ घट्ट मिटले होते.

"अरे, बोल की!" मला राहवेना. "तिकडे पोरीची चिता रचायला निघालेत आणि तू ओठ शिवून बसलायस? आडेलहाइडला काय तोंड दाखवशील?"

तेव्हा तो फुटला. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडला. "तिच्यासाठीच केलं गं! परत आलो तर ती गेलेली. तिचं एक पान होतं माझ्याजवळ, माइन्झला जाताना दिलेलं. खालच्या ओळीत काय आहे ते तिनंच मला वाचून दाखवलं होतं. मला वाटलं, जितके लोक म्हणतील तितकी ती लवकर सुटेल. एक पान काय पुरणार? म्हणून... म्हणून..." तो थांबला. "पुढचं सांगता येत नाही. माइन्झला सगळ्यांना शपथ दिली होती. संताच्या अस्थींवर हात ठेवून. ती मोडली तर मी नरकात जाईन आणि ती स्वर्गात. मग भेट कधी?"

"आणि लिओबा?"

"रोज फाटकापर्यंत येतो सांगायला. रोज पाव देऊन परत जातो."

मी त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात की त्याला जवळ घ्यावं, काही सुचेना. ओडिलिया मात्र शांत होती.

"योस्ट, शपथेचे शब्द काय होते? नेमके."

त्यानं डोळे मिटले. "ही विद्या माझ्या जिभेनं मी कुणालाही सांगणार नाही."

"जिभेनं."

"हो."

"मग रविवारी," ओडिलिया उठत म्हणाली, "तू एक शब्दही बोलायचा नाहीस."

६

झावळ्यांच्या रविवारी आमच्याकडे झावळ्या नसतात, विलोच्या झाडाच्या कळ्या आलेल्या फांद्या असतात. सगळं गाव त्या फांद्या घेऊन मठाच्या अंगणात दाटलं होतं, आणि मधोमध हेनेसचा चरक. फादर एबरविन गालाला हात लावून उभे. त्यांची गाडी फाटकाबाहेर तयार होती. दोन बहिणींच्या मध्ये लिओबा होती, पांढरी पडलेली, ओठ हलत असलेली.

"हा काय तमाशा?" फादर म्हणाले.

"आपल्याजवळचा कोरा कागद द्या फादर, मागे आपली खूण करून," ओडिलिया म्हणाली. "म्हणजे आधीच लिहिलेला होता असं कुणी म्हणायला नको."

फादरनी खूण केली. योस्टनं कागद ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. नंतर कातड्याचे दोन गोळे एकमेकांवर घासले, चिकट आवाज झाला, आणि शिशाच्या अक्षरांवर टप टप शाई चढवली. अंगणभर जवसाच्या तेलाचा वास पसरला. कागद वर पसरून त्यानं चरकाचा दांडा ओढला.

"चरकात सैतान असेल!" मागून कुणीतरी ओरडलं.

"असता तर तुझ्या पोटातल्या एवढ्या वाइनमधून केव्हाच बाहेर आला असता!" मी ओरडले. लोक हसले. योस्टनं कागद सोलून काढला आणि फादरच्या हातात दिला.

आडेलहाइडचं अक्षर. ओली शाई. मागे फादरची स्वतःची खूण.

फादरनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग त्यांचं बोट सरकत सरकत त्या शब्दापाशी थांबलं. "गुआडे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा कडक झाला. "यंत्र असेल. पण कृपा इथेही मोडलीच आहे. ती कोण मोडतंय?"

 योस्टला वाचता येत नव्हतं. आजपर्यंत त्याला ठाऊकच नव्हतं की काही मोडलंय. तो ओडिलियाकडे बघू लागला. तिनं चष्म्यातून वाकून ओळ शोधली आणि एका अक्षरावर करंगळी ठेवली. शब्द नाही, नुसती करंगळी. मग तिनं उताणा धरलेला तळवा पालथा केला.

योस्टला कळलं. त्यानं चिमटा घेतला, ते अक्षर अलगद उपसलं, फिरवलं आणि पुन्हा जागेवर बसवलं. शाई. फादरच्या खुणेचा दुसरा कागद. दांडा.

ह्या वेळी फादरनी मोठ्यानं वाचलं. "मरिये, ग्नाडेनं भरलेले..." आणि ते थांबले नाहीत. प्रार्थना शेवटपर्यंत म्हणाले, तळाच्या ओळीपर्यंत, आणि त्या ओळीत सांगितल्याप्रमाणे पुन्हा एकदा म्हणाले. सगळं अंगण त्यांच्याबरोबर म्हणत होतं. आडेलहाइडसाठी एका वेळी एवढे लोक कधीच म्हणाले नव्हते. योस्ट चरकाला धरून उभा होता आणि त्याचे ओठ शेवटपर्यंत मिटलेले होते.

फादरची गाडी रिकामी परत गेली.

सगळे लिओबाला मिठ्या मारत होते, पण ती एकटी जाऊन विहिरीपाशी बसली. मी जवळ गेले. "अगं सुटलीस की! रडतेस काय?"

"ती आली नव्हती, कुन्नेमावशी," ती म्हणाली. "कुणीच आलं नव्हतं. नुसतं शिसं."

 योस्ट मागून आला. त्यानं तिची मूठ उघडली आणि तिच्या तळहातावर तो पालथा राहिलेला न ठेवला. तिनं डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला. एकदा. परत. अंगठा एका जागी थांबला.

"हा पाय वळतो," ती हळूच म्हणाली.

"वळणारच," योस्ट म्हणाला. एवढं बोलायला शपथ आड येत नव्हती. "तिचं बोट वाकडं होतं. ते मी कसं सरळ करू?"

लिओबानं मूठ मिटली आणि ती छातीशी धरली.

ओडिलिया ग्रंथघराच्या दारात उभी राहून आपले हात उलटसुलट करून बघत होती. "आता ह्यांनी काय करायचं गं, कुन्ने?" तिनं मला विचारलं. चाळीस वर्षं लिहिलेले हात ते. पोरगी तिनं वाचवली, पण त्याच दुपारी आपलं काम आपल्याच हातानं गावासमोर संपवून टाकलं. मी म्हटलं, "काय करायचं म्हणजे? मला शिकवा. उद्या गावभर पानं होतील आणि मी काय मुंग्या मोजत बसू?"

ती हसली. आणि खरंच शिकवलं तिनं, फाटकावर बसून, लिओबाला मदतीला घेऊन. पुढे गावात काय काय छापलं गेलं, कोणाचं कोणाशी भांडण लागलं, कोण शहाणं झालं आणि कोण शेफारलं, ते सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. मी मात्र ज्या पानावरून शिकले ते विहिरीवरचं पहिलं पान होतं. आजही माझ्या खुर्चीमागे चिकटवलेलं आहे.

लिओबा आता मदर आहे. फाटकावरून जाताना माझी प्रार्थना ऐकते आणि रोज तेच म्हणते, "मावशी, ग्नाडे. गुआडे नाही."

मी म्हणते, "तुला त्याच गुआडेनं वाचवलंय. देवाला कळतं माझं." आणि मी तसंच म्हणते, आडेलहाइडसाठी, रोज एकदा.